पेटी आणि वर्कशॉप, दोन्ही चालवताना

बेळगावात पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवतो म्हटलं की लोक मान देतात. सगळ्याच गावात असं होईल असं नाही, पण इथं पेटीवाले रामभाऊ विजापुरे मास्तर होऊन गेले, विठ्ठलराव कोरगावकर होऊन गेले, आणि 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती तेव्हा सुद्धा आमच्या भागात देवळात, नाटकात, घराघरात पेटी वाजतच होती. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, धारवाड दीड तासावर, मिरज जवळ. त्यामुळे कान तयार असलेली माणसं इथं गल्लीगल्लीत सापडतात, कार्यक्रम संपल्यावर एखादे आजोबा जवळ येऊन "ती मारव्याची जागा छान भरलीत" म्हणून सांगतात तेव्हा जीव सुखावतो. प्रेम भरपूर आहे. पैशाचं मात्र कुणी बोलत नाही, ना बोलावणारे ना वाजवणारे, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण हल्ली क्लासला येणारी पोरं मला रागापेक्षा हेच जास्त विचारतात की सर, नोकरी धंदा सांभाळून हे जमवता कसं.

माझं उद्यमबागला, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, छोटं मशीन शॉप आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेलं, आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आहेत, एक व्हीएमसी, म्हणजे तसंच मिलिंगचं मशीन आहे, जुने लेथ अजून चालतात आणि आठ-दहा माणसं कामाला आहेत. हायड्रॉलिकचे पार्ट, बुश, पिन, व्हॉल्व्ह बॉडी, फौंड्रीतून कास्टिंग येतं ते मशिनिंग करून द्यायचं, असं जॉबवर्क. गिऱ्हाईक बेळगावचंच जास्त, थोडं कोल्हापूर, हुबळी. धाकटा भाऊ माझ्याबरोबर आहे. आणि पेटी मी शाळेत असल्यापासून शिकतो आहे, धारवाड आकाशवाणीची ऑडिशन देऊन ग्रेड घेतलेली आहे, गायकांना साथ करतो, अधूनमधून सोलो वाजवतो, अभंगांना चाली लावतो आणि शनिवार-रविवार घरी शिकवतो. म्हणजे दोन्ही कामं पूर्ण वेळाची आहेत, दिवस मात्र एकच.

वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी वर्कशॉपला यायचं बंद केलं, तिथून खरा प्रश्न सुरू झाला. तोपर्यंत मी सकाळी रियाज करून नऊला शॉपवर जायचो, संध्याकाळी कार्यक्रम असला की चारला निघायचो, मागचं वडील बघायचे. ते थांबल्यावर चारला निघणं म्हणजे मागं सेटिंग अर्धवट टाकून निघणं. आणि गिऱ्हाईकाला दोन शतांश मिलिमीटरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पाहिजे असतो, त्याला तुमची आज जुगलबंदी आहे का लळित आहे याच्याशी काही घेणं नाही, आणि ते बरोबरच आहे.

नातेवाईकांचं एकच म्हणणं असायचं, एक काय ते धर. काका म्हणायचे पेटी सोड, हौस म्हणून घरी वाजव. संगीतातले काही स्नेही म्हणायचे वर्कशॉप भावाला दे आणि पुण्याला जा, तिथं रोज काम आहे. मला दोन्ही पटत नव्हतं. पेटी सोडली तर मी कोण उरतो हे मला सांगता आलं नसतं, आणि वर्कशॉप सोडलं तर दहा घरांचं आणि आमचं, सगळ्यांचंच डगमगतं. शिवाय एक गोष्ट मी जवळून बघितली आहे, पोटासाठी रोज वाजवावं लागलं की जे मिळेल ते वाजवावं लागतं. वर्कशॉपमुळे मला नाही म्हणता येतं, हे फार मोठं सुख आहे आणि ते मी कमी लेखत नाही.

हाताचं आधी सांगतो, कारण वादकाला हाच पहिला प्रश्न. मशीनमधून निघालेल्या जॉबच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची उठलेली कड, राहते, ती काढायला आपण सहज बोट फिरवून बघतो कुठं लागतंय, आणि ती ब्लेडसारखी असते, दिसत पण नाही. तर्जनीच्या टोकाला असा एक बारीक काप गेला तरी पेटीवर मींडेचा भास आणायला बोट सरकवताना तिथंच चरचरतं, आणि पट्टीवर वजन कमी-जास्त पडतं, ऐकणाऱ्याला कळलं नाही तरी गायकाला कळतं. म्हणून मी डेबरिंगला, म्हणजे बर काढायच्या कामाला, हात लावत नाही, इन्स्पेक्शनला ग्लोव्हज घालतो आणि शॉपमधल्या पोरांना पण तीच सवय लावली. कापताना मशीनवर सोडतात त्या कूलंटनं कातडी कोरडी पडते, रात्री खोबरेल लावून झोपायचं. बारीक गोष्टी आहेत पण दोन्ही कामं एकाच हातांनी करायची असली की याच गोष्टी पहिल्यांदा ठरवाव्या लागतात.

आता पैसा.

आमच्याकडं कार्यक्रमाचं पाकीट असतं. कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, अध्यक्ष हातात पाकीट ठेवतात, त्यात किती आहे हे घरी गेल्यावर कळतं. आधी विचारणं म्हणजे उद्धटपणा. एका दिवाळी पहाटेच्या आधी एका मंडळाचे काका माझ्याशी फोनवर बोलत होते, आणि मी मानधनाचा विषय काढल्यावर म्हणाले, "तुमचं काय ओ, फॅक्टरी आहे की तुमची. तुम्हाला कशाला पैसे लागतात? तबलजींना काहीतरी देतो की." हे ते अगदी प्रेमानं बोलले, मनात काही वाईट नव्हतं. पण माझा तबलजी मित्र वडगावला राहतो, त्याला दुसरं काही उत्पन्न नाही, ट्यूशन आणि कार्यक्रम यावरच घर चालतं, पोरगी पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे. पेटीवाला फुकट आला की मंडळाच्या डोक्यात आकडा बसतो, आणि तोच आकडा पुढच्या वर्षी तबल्याला, टाळवाल्याला, निवेदकाला लागतो. ज्याचं पोट दुसरीकडं भरतं त्यानं स्वस्तात वाजवणं म्हणजे ज्याचं पोट यावरच आहे त्याच्या पोटावर पाय देणं. हे त्या फोनवर मला लख्ख दिसलं आणि मी त्यांना म्हटलं, काका, मला लागत नसले तरी रेट लागतो. त्या दिवशीपासून मी ठरवून घेतलं.

ठरवलं ते असं. बोलणं फोनवर झालं की त्याच रात्री व्हॉट्सॲपवर एक मराठीतला मजकूर जातो, तारीख, वेळ, ठिकाण, साथीला कोण कोण, प्रत्येकाचं किती, येण्याजाण्याची गाडी कुणाची, साउंडवाला किती वाजता येणार, अर्धे पैसे आधी, उरलेले कार्यक्रम संपल्यावर स्टेजवरून उतरायच्या आत. अर्धे आले की तारीख पक्की, नाहीतर तारीख मोकळी. आणि साथीदारांचे पैसे माझ्या पैशात धरून नाही, वेगळे लिहायचे, म्हणजे घासाघीस करायची असेल तर माझ्याशी करा, तबल्याच्या आकड्याला हात लावू नका. सुरवातीला काही मंडळं तुटली. एकजण तर म्हणाला बुवा आता कमर्शियल झाले. पण जी राहिली ती वेळेवर कार्यक्रम सुरू करायला लागली, साउंड चेकला वेळ द्यायला लागली, कारण ज्याचे पैसे मोजले त्याची किंमत माणूस आपसूक राखतो. खानापूरच्या एका मंडळानं तर दुसऱ्या वर्षी स्वतःच मजकूर मागवून घेतला, पाठवा की तुमचं ते पत्र, मीटिंगमध्ये दाखवायला बरं पडतंय म्हणून.

आणि काही ठिकाणी मी एक रुपया घेत नाही, घेणार पण नाही. आमच्या गल्लीतल्या विठोबाच्या देवळातलं एकादशीचं भजन, गुरुजींच्या पुण्यतिथीची सभा, गावातला हरिनाम सप्ताह, आणि मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला लागते ती हजेरी, तिथं तर जाऊन बसायला मिळणं हेच पुष्कळ. ही यादी मी लिहून ठेवली आहे आणि ती वाढवत नाही. कारण "आमचं पण देवाचंच आहे की हो" असं प्रत्येकजण म्हणतो, आणि त्यात सहा लाखाचा मांडव, लायटिंग, डॉल्बी सगळं पैशानं असतं.

टॅक्सचा भाग बऱ्याच कलाकारांना माहीत नसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, मला स्वतःला हे समजायला टिळकवाडीतल्या सीएंच्या ऑफिसात बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. वर्कशॉप वडील थांबल्यावर माझ्या नावावर आलं होतं, प्रोप्रायटरी, म्हणजे वर्कशॉपचा पॅन आणि माझा पॅन एकच. जीएसटी नंबर पण त्याच पॅनवर. आता नियम असा आहे की सेवेच्या धंद्याला वर्षाला 20 लाखापर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, कुठलाही गावातला कलाकार या मर्यादेच्या बराच खाली असतो. पण ही मर्यादा पॅनवर मोजतात. माझ्या पॅनवर आधीच वर्कशॉपची उलाढाल आणि नोंदणी आहे म्हटल्यावर मी वाजवलेल्या कार्यक्रमाचे पैसे पण त्यातच आले. शास्त्रीय किंवा लोककला प्रकारातलं गायन, वादन, नृत्य, नाटक कलाकारानं सादर केलं आणि मानधन दीड लाखाच्या वर नसलं तर जीएसटी माफ आहे, ते ठीक. पण भावगीतांचा कार्यक्रम, जुन्या सिनेगीतांचा कार्यक्रम त्यात बसत नाही, त्यावर 18 टक्के. अभंग कुठं बसवायचे यावर सीए आणि मी बराच वेळ बोललो, रागात बांधलेला आणि ख्यालाच्या अंगानं गायलेला अभंग शास्त्रीय म्हणायचा का, वारकरी चालीचा लोककला म्हणायचा का. आता महिला मंडळाला भावगीताच्या कार्यक्रमाचं 18 टक्के जादा बिल द्यायचं म्हणजे ते पुन्हा फोन करणार नाहीत.

तोडगा निघाला तो भावामुळे. भाऊ इतकी वर्षं बरोबरीनं राबत होता आणि कागदावर त्याचं नाव कुठंच नव्हतं, हे घरात सगळ्यांनाच खुपत होतं. म्हणून वर्कशॉपची पार्टनरशिप फर्म केली, दोघे भाऊ समान भागीदार. फर्मला वेगळा पॅन, वेगळा जीएसटी नंबर, आणि माझ्या स्वतःच्या पॅनवर फक्त संगीताचं उत्पन्न, ते 20 लाखाच्या बरंच खाली, म्हणजे जीएसटीचा प्रश्न मिटला. फर्मच्या नफ्यातला माझा हिस्सा माझ्या हातात करमुक्त, फर्मनं त्यावर कर भरलेला असतो. ऐकायला सोपं वाटतं पण ह्या एका बदलानं आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला. डीड करा, पॅन काढा, नवीन जीएसटी घ्या, जुन्या नंबरावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-02 फॉर्म भरून नव्यावर न्या, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी पुन्हा करा, बँकेत सीसी लिमिट (धंद्याचं फिरतं कर्ज) नव्या नावावर करायला पुन्हा मशीनचं व्हॅल्युएशन, पुन्हा जामीनदार. आणि सगळ्यात वेळखाऊ काय तर गिऱ्हाइकांकडं व्हेंडर कोड, म्हणजे त्यांच्या यादीतला आमचा नंबर, बदलणं. एका मोठ्या कंपनीत आमचा कोड बदलेपर्यंत तीन महिने बिलं अडकली, माल मात्र रोज मागत होते. त्या तीन महिन्यांत पगार कसे केले ते आम्हा दोघा भावांनाच माहीत. पण झालं एकदाचं, आणि झाल्यावर जो हलकेपणा आला तो वेगळाच, भाऊ आता "तुझं शॉप" म्हणत नाही.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात त्या कराचं, पण लक्षात ठेवा. कॉलेज, मोठी संस्था, कंपनी यांचा कार्यक्रम असला की ते 10 टक्के कापून पैसे देतात. वर्षाला एका ठिकाणाहून 30,000 च्या वर गेलं की कापायचे, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 50,000 झाली. कापले म्हणजे गेले असं नाही, रिटर्न भरलं की हिशोबात मिळतात, पण 26एएसमध्ये, म्हणजे कर खात्याकडच्या आपल्या उताऱ्यात, दिसले पाहिजेत. एका संस्थेनं माझे कापले आणि भरलेच नाहीत, अकाउंटंट बदलला, नवीन माणसाला माहीत नाही, जुना फोन उचलत नाही. दोन वर्षं पाठपुरावा करून शेवटी भरले. म्हणून आता कार्यक्रमाचा मजकूर जातो त्यात पॅन पण लिहितो आणि टीडीएसचं सर्टिफिकेट मागून घेतो, गोड बोलून, पण मागतो.

दोन बँक खाती आहेत आणि एकातून दुसऱ्यात पैसे जात नाहीत. हा नियम पाळायला फार जड गेला आहे. जॉबवर्कवाल्याला कायद्यानं जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, मिळतात नव्वद दिवसांनी, कधी त्याच्याही पुढं. मार्चमध्ये सगळे म्हणतात एप्रिलला बघू. अशा वेळी दुसऱ्या खात्यात नवीन स्केल चेंजर (पट्टी बदलता येणाऱ्या) पेटीसाठी साठवलेले पैसे दिसत असतात आणि पोरांचा पगार तर थांबवता येत नाही. तेव्हा मी सीसीतून काढले, व्याज भरलं, पण पेटीच्या पैशाला हात लावला नाही. सीए म्हणाले हे गणितात तोट्याचं आहे. गणितात असेल. पण आमच्यासारख्याकडं संगीताचा पैसा एकदा धंद्यात शिरला की तो परत बाहेर येत नाही, दरवर्षी काहीतरी निघतंच, बेअरिंग जातं, स्पिंडल जातो, आणि पेटी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत माणूस म्हातारा होतो. ती पेटी शेवटी घेतली, संगीताच्या पैशातून घेतली, आणि ती वाजवताना मला फार बरं वाटतं.

चालींचं एक सांगायचं राहिलं. मी काही अभंगांना चाली लावल्या होत्या, आमच्या इथल्या एका तरुण गायिकेकडून गाऊन घेतल्या, रेकॉर्डिंग चांगलं झालं. एका म्युझिक कंपनीकडून फोन आला, आम्ही काढतो, एकरकमी पैसे देतो, फक्त करार सही करा. करार बघितला तर चाल, रेकॉर्डिंग, जगभर, कायमचं, सगळ्या माध्यमांत, आज असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या सुद्धा, सगळं त्यांचं. तुकोबांचे शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत, ते सगळ्यांचे आहेत, पण चाल माझी आहे, आणि चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे माझ्या पोरीच्या म्हातारपणापर्यंत. मी बसून कॉपीराइट कायदा वाचला, जमेल तसा, वकील मित्राला विचारून. त्यातून कळलं की हक्क देताना किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर 5 वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतात. हे सगळं लिहिणाऱ्याला माहीत असतं, म्हणूनच ते कायमचं आणि जगभर असं लिहून ठेवतात. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काही बाबतीत कराराने पण काढून घेता येत नाही. मी त्यांना कळवलं, 5 वर्षांसाठी द्यायला तयार आहे. त्यांचा फोन परत आला नाही. मग ते रेकॉर्डिंग डिस्ट्रिब्युटरमार्फत स्वतःच ऑनलाइन टाकलं, गायिकेचं आणि तबल्याचं किती टक्के ते आधी कागदावर लिहून. पैसे फार येत नाहीत, वर्षाला एखाद्या चांगल्या कार्यक्रमाइतके सुद्धा नाहीत. तरी चाल माझ्याकडं आहे आणि यंदा दोन भजनी मंडळं ती गाताना मी ऐकली, एक येळ्ळूरकडचं आणि एक चंदगडकडचं, त्यांना ती कुणाची हे माहीत पण नव्हतं. कान भरून आले.

घराचं लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. बायको हायस्कूलला शिकवते, तिचं स्वतःचं वेळापत्रक आहे, पेपर तपासणं आहे, सकाळची शाळा आहे. लग्नानंतर बरीच वर्षं आमच्यात वाद एकाच कारणावरून व्हायचा आणि ते कारण कार्यक्रम नव्हतं. ती म्हणायची, "अहो, कार्यक्रम करा की, मी कधी नको म्हटलं? पण मला आधी कॅलेंडरवर दिसूदे. साडी इस्त्री करून बसल्यावर आज माझा निपाणीला कार्यक्रम आहे असं सांगू नका." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर सगळं येतं, वर्कशॉपचे ऑडिट, कार्यक्रम, तिच्या परीक्षा, मुलीचं सगळं, आणि त्यावर आधी लिहिणाऱ्याचा दिवस. मुलीचा वाढदिवस, गौरी-गणपतीतला घरचा दीड दिवस आणि मे महिन्यातला एक आठवडा, यावर कुणी कितीही मोठा गायक बोलावला तरी जात नाही. एकदा खरंच फार मोठ्या कलाकाराची साथ मे मध्ये आली होती, नावं घेत नाही. मी बायकोला सांगितलं पण नाही, आपलं आपण नाही म्हणून टाकलं, तिला नंतर दुसऱ्याकडून कळलं. ती काही बोलली नाही, पण त्या वर्षी नवरात्रात माझे सलग कार्यक्रम होते तेव्हा तिनं स्वतः तिच्या शाळेतून रजा टाकून आईचं बघितलं.

आईचं शेवटचं आजारपण हा सगळ्यात कठीण काळ. कार्तिकाचे दिवस, तारखा सगळ्या दिलेल्या, ॲडव्हान्स घेतलेले, आणि आई हॉस्पिटलला. त्यावेळी मी माझ्या दोन शिष्यांना पाठवलं, आधी मंडळांना फोन करून विचारून, पैसे पूर्ण शिष्यांना. कुणीही नको म्हटलं नाही. उलट एका मंडळानं आईसाठी सभेच्या सुरवातीला जप केला. आधी कागदावर सगळं असतं ना, की नियोजित कलाकार न आल्यास काय करायचं, तेव्हा अशा वेळी भांडण होत नाही, माणुसकीला जागा राहते.

आणि पाऊस. बेळगावचा पाऊस पेटीवाल्यालाच विचारा. जूनपासून लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळेच्या रीड काळवंडतात, सूर उतरतात. पण मला हे दिवस आवडतात कारण आषाढी सोडली तर गणपतीपर्यंत कार्यक्रम कमी असतात. रविवारी दुपारी वर्कशॉप बंद असतं तेव्हा पेटी तिथं नेतो. रीडचं पान टोकाशी अगदी किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि किंचित म्हणजे किती, तर कानशीचा एक हलका हात, मग लावून ऐकायचं, तानपुऱ्याशी षड्ज जुळवायचा, ठोके ऐकू यायचे बंद झाले की थांबायचं. जास्त घासलं तर रीड गेली. इतकी वर्षं मायक्रॉनमध्ये काम करून हाताला जो अंदाज आला तो इथं उपयोगी पडतो, आणि माझे गुरुजी पण म्हणायचे की तुझ्या वडिलांच्या धंद्यानं तुझी पेटी सुरात ठेवली. त्या दुपारी भाऊ कधी कधी येऊन बसतो, तो स्वतः वाजवत नाही पण गंधार उतरलेला त्याला माझ्या आधी कळतो.

आता सध्याचं म्हणजे, भावाला अजून एक व्हीएमसी घ्यायची आहे. काम येतंय, एक कंपनी दरमहाचं शेड्युल द्यायला तयार आहे, आणि तो म्हणतो दादा, ऑक्टोबरमध्येच घेऊ, सणाची ऑफर असते. मी मशीनला नाही म्हटलेलं नाही. पण नवीन मशीन बसलं की पहिले दोन महिने रात्री अकरापर्यंत थांबावं लागतं, प्रोग्रॅम सेट करा, फिक्श्चर करा, पहिला लॉट पास करून घ्या, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नवरात्र, दिवाळी पहाट, कार्तिक, सगळे ॲडव्हान्स आलेले. शिवाय ईएमआय सुरू झाला की मला कार्यक्रमांना नाही म्हणायची ताकद राहणार नाही, किंवा वर्कशॉपचं नको ते काम घ्यावं लागेल, आणि दोन्ही मला नको आहे. दोन रविवार बसलो दोघं, जेवणं झाल्यावर, आकडे मांडून. शेवटी असं ठरलं की कंपनीकडून शेड्युल लेखी घ्यायचं, मशीन तुळशीचं लग्न झाल्यावर उचलायचं, आणि सेटिंगला एक चांगला प्रोग्रॅमर पगारावर आत्तापासूनच घ्यायचा, त्याचा पगार मशीनच्या कर्जात धरून. भावानं कंपनीला तसं मेल पण केलं. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.

मिसेसनी डिसेंबरच्या पानावर "मशीन" लिहून ठेवलं आहे.